उद्गारचिन्ह काढून टाका

"शट अप, आजी!"

माझी नऊ वर्षांची नात मला हे म्हणाली, तेव्हा मी शिकागोजवळच्या लेकीच्या घरी ओट्यापाशी उभी राहून पोह्यांना फोडणी देत होते. साल २००९. आदल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेले आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले. नातीला मी माझ्या लहानपणची गोष्ट सांगत होते. सांगलीजवळ आमचं गाव, शाळा कृष्णेच्या पलीकडे, पावसाळ्यात नावेतून शाळेत जायचं. एकदा काठाला लागता लागता नाव कलंडली, तेव्हा मी दप्तर सोडलं पण डबा सोडला नाही! तर यावर ती डोळे विस्फारून मला म्हणाली, "शट अप, आजी!"

मी गप्प बसले. अगदी शब्दशः. चौतीस वर्षं ज्या बाईने वर्गात "गप्प बसा" म्हटलं, तिला नातीने गप्प बसवलं. मी पोहे वाढले, ओटा पुसला आणि खोलीत जाऊन पडले. दोन दिवस त्या पोरीशी कामापुरतं बोलले. तिला बिचारीला काही कळेना. तिसऱ्या दिवशी लेकीने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली आणि म्हणाली, "आई, अगं ती तुला 'काय सांगतेस काय!' असं म्हणत होती. तिला तुझी गोष्ट आवडली होती."

म्हणजे माझ्या आयुष्यात एका मुलीने माझ्या गोष्टीला एवढी मोठी दाद दिली आणि मी तिला दोन दिवस शिक्षा केली. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई तर इंग्रजी शिकवत होत्या ना? हो, शिकवत होते. खरं तर माझं बी.ए. इतिहासाचं, तेही मराठी माध्यमातून. पण शाळेत इंग्रजीचे तास कुणालाच नको असायचे, ते नव्या बाईंच्या गळ्यात पडले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. मी स्वतः इंग्रजी शिकले ती तर्खडकरांच्या पाठमालेवरून आणि पुढे रेन अँड मार्टिनच्या व्याकरणावरून. मुलांना शिकवलं तेही तसंच. "नो सूनर" वापरा. "टू" काढून टाका. प्रयोग बदला. आणि सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे उद्गारार्थी वाक्याचं विधानार्थी करा. "हाउ ब्यूटिफुल द मून इज!" असं दिलेलं असायचं. मुलांनी लिहायचं, "द मून इज व्हेरी ब्यूटिफुल." उद्गारचिन्ह काढा, "व्हेरी" घाला, पूर्णविराम द्या. एक गुण पक्का. किती हजार मुलांकडून मी चंद्राचं कौतुक असं सपाट करून घेतलं असेल, देव जाणे.

त्यातलाच एक विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत अठ्ठ्याहत्तर गुण, आमच्या शाळेत तेव्हा ही बातमी होती. शिकला, पदवी घेतली, पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबांनी हसून विचारलं, "हाउ इज इट गोइंग?" हा गोंधळला. कुठे काय चाललंय, त्याला समजेना. म्हणाला, "सर, व्हेअर?" साहेब पुन्हा हसले, पण यावेळी हसणं वेगळं होतं, असं त्याचं म्हणणं. पुढचं काही त्याला धड सांगता आलं नाही. गावी आल्यावर मला भेटायला आला. रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "बाई, 'नो सूनर' कुणी विचारलंच नाही हो."

असो. तर शिकागोकडे परत जाऊ.

"शट अप" प्रकरणानंतर जावयांनी एक उपाय काढला. त्यांच्याकडे सिनेमांच्या तबकड्यांचं एक कपाट होतं. त्यातून त्यांनी 'फादर ऑफ द ब्राइड' काढला, १९९१ चा, स्टीव्ह मार्टिनचा. म्हणाले, "आई, हा बघा. मुलीच्या लग्नाच्या खर्चाने वेडा झालेला बाप आहे. भाषा कळली नाही तरी माणूस कळेल." आणि खाली इंग्रजी अक्षरं लावून दिली. ही सोय मुळात ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. मला ऐकू येत होतं पण समजत नव्हतं, म्हणजे तसा तोच आजार!

सिनेमा बघताना माझी पहिली करमणूक अशी झाली, की हे लोक "गोइंग टू" म्हणत नाहीत, "गॉना" म्हणतात. वर्षानुवर्षं मी ज्याला लाल शाईने गोल केला असता, ते हा चांगला कोट घातलेला माणूस सर्रास बोलत होता. आणि मग तो प्रसंग आला. वैतागलेला बाप दुकानात उभा राहून पावांच्या पुड्यांतून जादा पाव काढून टाकतो, कारण सॉसेज आठच्या पुडक्यात मिळतात आणि पाव बाराच्या. उरलेल्या चारांचे पैसे मी का देऊ, असा त्याचा सवाल. त्यापायी तो तुरुंगाची हवा खाऊन येतो. मी हसले. शब्द निम्मेच कळले होते, पण आमच्या मुलीच्या लग्नात केळवणाच्या हिशेबावरून आमच्या ह्यांनी घातलेला वाद डोळ्यांसमोर उभा राहिला. ते होते तेव्हा असे सिनेमे बघायला मिळाले असते, तर भाषा न कळताही माझ्या आधी हसले असते.

त्या सुट्टीत नातीने आणि मी मिळून पंधरा-सोळा सिनेमे पाहिले. तेव्हापासून आजपर्यंत हा नाद सुटलेला नाही. मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर ऐकलेला इंग्रजी प्रयोग, उजव्या पानावर आपण तिथे मराठीत काय म्हणू ते. अर्थ लिहायचा नाही, काय "म्हणू" ते लिहायचं, हा नियम.

त्या वहीतली काही पानं तुमच्यासाठी.

"टेल मी अबाउट इट." हे मला सिनेमाच्या आधी प्रत्यक्षात भेटलं होतं. शेजारच्या बाईंना मी म्हटलं, जिना चढताना गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "टेल मी अबाउट इट." त्या आपुलकीने विचारताहेत असं समजून मी त्यांना पंधरा मिनिटं गुडघ्यांचा समग्र इतिहास सांगितला. त्या बिचाऱ्या हातात पिशव्या घेऊन उभ्या! नंतर एका सिनेमात हेच ऐकलं आणि उजेड पडला. उजव्या पानावर लिहिलं, "मला सांगताय होय?" म्हणजे, माझं तरी वेगळं काय आहे.

"आय ॲम गुड." नातीच्या मैत्रिणींना मी चकल्या पुढे केल्या. एक म्हणाली, "आय ॲम गुड." मी मनात म्हटलं, असशील बाई गुणाची, पण चकली घे की! उजवं पान: "नको, बास."

"यू बेट." पैज लावतोय असं वाटायचं. उजवं पान: "म्हणजे काय!"

"नाउ यू टेल मी." उजवं पान: "आता सांगतोयस होय!"

"बिग डील." उजवं पान: "त्यात काय एवढं!"

"रेन चेक." हा बेसबॉलच्या मैदानावरून आलेला. पावसामुळे सामना झाला नाही तर प्रेक्षकांना पुन्हा येण्यासाठी जे तिकीट द्यायचे, ते. आता जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर लोक "रेन चेक" मागतात. उजवं पान: "आज राहू दे, पण येणार नक्की."

उजवी पानं वाचा बरं पुन्हा. किती वाक्यांना उद्गारचिन्ह आहे किंवा ते शोभलं असतं? आणि डावी पानंही वाचा. टेल, मी, अबाउट, इट, बिग, डील... यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मी वर्गात शिकवला होता, स्पेलिंगसकट. म्हणजे मी मुलांना सायकलचे सुटे भाग ओळखायला शिकवले, घासूनपुसून ओळीने मांडायला शिकवले, फक्त सायकलवर बसवलं नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं विनोदी सिनेमातूनच का? बातम्या ऐकाव्यात, गंभीर सिनेमे बघावेत, असं मला पुष्कळांनी सुचवलं. माझा अनुभव असा. मारामारीच्या सिनेमात कुणी फारसं बोलतच नाही. बातम्यांत सगळे पुस्तकासारखं बोलतात. विनोदी सिनेमात मात्र माणसं घरात बोलतात तशी बोलतात, आणि गैरसमज हाच तिथला धंदा असतो. पडद्यावरच्या माणसालाच काही समजलेलं नसतं, त्यामुळे आपल्याला सोबत मिळते.

२००२ चा 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' बघा. शिकागोतलं ग्रीक कुटुंब, मुलगी अमेरिकन मुलाशी लग्न करते. मुलीच्या बापाचं म्हणणं, जगातला प्रत्येक शब्द ग्रीकमधून आला, जपानी लोकांचा किमोनोसुद्धा! (आपल्याकडे असे काका घरटी एक.) जावई मांस खात नाही म्हटल्यावर त्यांची मावशी क्षणभर थिजते आणि मग समजुतीने म्हणते की हरकत नाही, मी कोकराचं करते. मुलाची आई भेट म्हणून मध्ये भोक असलेला बंट केक आणते. मुलीच्या आईला "बंट" हा शब्दच उमगत नाही. शेवटी ती त्या भोकात फुलांची कुंडी ठेवून केक मिरवत आणते. मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. कारण ती कुंडी ठेवणारी बाई मीच होते.

आणि शिकणाऱ्याने बघावाच असा सिनेमा म्हणजे १९९३ चा 'ग्राउंडहॉग डे'. बिल मरे यांनी केलेला हवामानवाला फिल एका छोट्या गावात बातमी करायला जातो. तिथे दर २ फेब्रुवारीला एक बिळात राहणारा प्राणी बाहेर काढून हिवाळा किती उरला ते ठरवतात. फिलला तो एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो. रोज सकाळी सहाला तेच गाणं, रस्त्यात तोच विमेवाला गळ्यात पडणार, त्याच खड्ड्यातल्या पाण्यात पाय जाणार. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला पाठ कुठे मिळणार? तेच संवाद परत परत कानावर पडतात आणि दर वेळी फिलच्या उत्तराचा सूर बदलतो. पहिल्यांदा तुसडा, मग धूर्त, मग हताश आणि शेवटी मायेचा. वाक्य बदललं नाही तरी माणूस बदलला की अर्थ बदलतो, हे चौतीस वर्षांत मला फळ्यावर लिहून दाखवता आलं नव्हतं. त्या गावाचं बरंचसं चित्रीकरण शिकागोपासून जवळच्या वुडस्टॉक गावात झालं आहे. पुढच्या फेरीत नात मला तिथे घेऊन गेली. पाय बुडाल्याच्या जागी त्यांनी पाटी लावली आहे! आम्ही दोघींनी तिथे पाय ठेवून फोटो काढला.

कधी कधी सिनेमाच भाषेला शब्द देतो. मरणाआधी करायच्या गोष्टींच्या यादीला "बकेट लिस्ट" म्हणायचं, हे सर्वतोमुखी झालं २००७ च्या 'द बकेट लिस्ट'मुळे. त्यामागे "बादलीला लाथ मारणे" म्हणजे मरणे हा जुना वाक्प्रचार. २०१८ साली माधुरी दीक्षितचा पहिला मराठी सिनेमा आला तो 'बकेट लिस्ट' याच नावाने. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायका बघून आल्या, पण बादली कुठली ते विचारल्यावर कुणालाच सांगता येईना. मी सांगितलं. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. :)

सगळं जमलं असं मात्र नाही. १९४० चा 'हिज गर्ल फ्रायडे' लावला आणि हात टेकले. सगळे एकमेकांच्या बोलण्यात घुसून असं भराभर बोलतात की खालची अक्षरं वाचून होईपर्यंत दोन भांडणं उरकलेली असतात. 'एअरप्लेन'मधल्या (१९८०) "शुअरली" आणि "शर्ली"च्या विनोदाला उजवं पान अजून कोरंच आहे. श्लेषाला भाषांतर नसतं.

आणि एकदा आगाऊपणा अंगाशी येता येता राहिला. लेकीच्या घराजवळ राहणारे एक आजोबा मला म्हणाले, मी एक्याण्णव वर्षांचा आहे. मी ताज्या उत्साहात म्हटलं, "गेट आउट ऑफ हिअर!" आपलं "जा, काहीतरीच!" लेकीचा चेहरा पांढराफटक. आजोबा खो खो हसले म्हणून निभावलं. पण धडा मिळाला. आपण मैत्रिणीला "मूर्ख आहेस झालं" म्हणतो, ते मुख्याध्यापकांना म्हणत नाही. शब्द उचलताना कोण कुणाला म्हणतंय ते आधी बघायचं. सिनेमात हे दिसतं, शब्दकोशात दिसत नाही.

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला, या सिनेमांत शिव्या असतात. असतात. म्हणून निवडून घ्यावेत, आपण कादंबऱ्याही निवडूनच मुलांच्या हाती देतो. दुसरा, हे अमेरिकनांचं इंग्रजी, आपल्याला काय उपयोग? खरं आहे. मला त्यांचे उच्चार नकोच आहेत, मी अजून शेड्यूलच म्हणते. पण माणूस हसत पुढे आला तर त्याला काय म्हणावं, एवढं तरी यायला हवं. तिसरा आक्षेप सर्वांत मोठा, याने मराठी बिघडते. माझा अनुभव उलटा आहे. उजव्या पानांसाठी मी जेवढी मराठी शोधली, तेवढी बी.ए.लाही शोधली नव्हती. "इश्श", "छे", "हात्तिच्या", "झालं", "बरं का" हे आपले शब्द किती कामाचे आहेत, ते त्या वहीने मला शिकवलं.

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षं वाढली, पण "विधानार्थी करा" ही वृत्ती कितीशी बदलली? मला वाटतं, मराठी शाळेत पंधरवड्यातून एक तास तरी असा असावा. सिनेमाचा दहा मिनिटांचा तुकडा. एकदा अक्षरांसकट. एकदा अक्षरं झाकून (मी घरी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर नॅपकिन लावते, तो दर पाच मिनिटांनी पडतो). आणि मग मुलांनी तोच प्रसंग आपल्या मराठीत करून दाखवायचा. अक्षरांची ही युक्ती परकी नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये ती मांडली. टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवले, की अडखळत वाचणाऱ्यांचं वाचन सुधारतं. गाण्याला चालतं ते संवादाला का चालू नये?

त्या तासाला गुण नसावेत. मूल खालची अक्षरं यायच्या आत हसलं, की ते पास. या परीक्षेत कॉपी करता येत नाही. मी स्वतः पहिल्यांदा तशी हसले तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. माझा तो विद्यार्थी सोळाव्या वर्षी हसला असता तर?

नात आता मोठी झाली, नोकरी करते. मागच्या महिन्यात इथे आली होती. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "आजी, आता तुझा सिनेमा." मी 'अशी ही बनवाबनवी' लावला, १९८८ चा, खाली इंग्रजी अक्षरं असलेला. ती खालची अक्षरं वाचत होती आणि मी तिचा चेहरा. पहिला पाऊण तास ती अक्षरांनंतर हसत होती. मग अशोक सराफ तोंड उघडतात न उघडतात तोच ती फिस्सकन हसली. अक्षरं मागाहून आली.

मी म्हटलं, "पास!"

"शट अप," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, शोधून, मराठीत, "काहीतरीच काय, आजी!"